काळा कागद आणि एकोणीस प्रयोग

आजच्या सभेच्या अध्यक्षा आदरणीय रत्नाबाई मोहिते, आमच्या संस्थेतले मेंदूचे शल्यविशारद आणि आजचे प्रमुख पाहुणे डॉ. मधुकर बिडवई, ज्यांच्यासाठी आपण बनशंकरीच्या या सभागृहात जमलो ते सत्कारमूर्ती श्री. येसाजीराव पवार, म्हणजे आमचे अण्णा, त्यांच्या शेजारी बसायला नको-नको म्हणत शेवटी बसलेल्या अंबूबाई, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात नांदलेली मंडळी, माझ्यासारखी काल-परवा पुण्या-नागपुराहून बॅग घेऊन उतरलेली मंडळी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, आपणा सर्वांना नंदूचा नमस्कार.

माझ्या आधी जे बोलले ते शिकलेले लोक होते. मी तसा नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका प्राध्यापकांशी वाद घातला, त्यांनी वर्गातून बाहेर जा म्हटलं, आणि मी थेट पुण्याच्याच बाहेर आलो. तेव्हा भाषणात कुठे डोकं तापलं तर समजून घ्या. मघाशी अण्णांच्या गळ्यात हार घालताना ते माझ्या कानात म्हणाले, "बोल बा, पण स्वल्पच बोल. आणि ते बोलू नको." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. पण 'ते' कशाला म्हणाले, हे मला कळलं होतं आणि 'ते' बोलायलाच मी आज इथे उभा आहे.

अण्णांना आपण सगळे ओळखता. गणेशोत्सवात मंडपाची वायरिंग कोण तपासतं? अण्णा. पण अण्णा चौतीस वर्षं नोकरीत काय करत होते, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? मला वाटतं, अंबूबाईंनासुद्धा नीट ठाऊक नसेल. त्या म्हणतात, "आमचे हे उंदरं पाळतात."

तर ते सांगतो. डॉक्टरसाहेब, चुकलो तर दुरुस्त करा.

मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगते आणि एक दिवस फुटते. चालता-बोलता माणूस डोकं धरून खाली बसतो. डॉक्टर ऑपरेशन करून फुगा बंद करतात, घरचे देवाला नारळ वाढवतात, आणि मग पाच-सात दिवसांनी, सगळं नीट चाललेलं असताना, त्या माणसाचा हात लुळा पडतो, बोलणं जातं. का? तर सांडलेल्या रक्तामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात. त्यासाठी रक्तवाहिन्या सैल करणारं एक औषध आहे. दर चार तासांनी, एकवीस दिवस. त्याने माणसं वाचतात, निदान बरी तरी होतात, हे परदेशात सिद्ध झालेलं होतं. पण गंमत अशी, की औषध देऊन पुन्हा फोटो काढला तर मोठ्या वाहिन्या तशाच आवळलेल्या दिसतात. मग औषध काम कुठे करतं?

बिडवई सरांनी हा प्रश्न धरला. आणि अण्णांनी तो मला एका वाक्यात समजावून दिला. म्हणाले, "नंदू, तू यशवंतपुरात राहतोस ना? कावेरीचं पाणी मोठ्या नळाला येतं, पेपरातही येतं. तुझ्या गल्लीच्या शेवटच्या घरात येतं काय?"

मी म्हटलं, "नाही येत."

"हां. डॉक्टरचं यंत्र मोठा नळ बघतं. आपण शेवटचं घर बघायचं."

शेवटचं घर म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या. त्या बघायच्या कशा? उंदराच्या डोक्याच्या हाडाला खिडकी पाडायची. दाताच्या डॉक्टरचं गिरमिट असतं ना, त्याने हाड झिजवत झिजवत कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ करायचं, मग तो पापुद्रा उचलायचा, आणि खालच्या पडद्याला धक्का लागू द्यायचा नाही. त्यावर काच बसवायची. वर सूक्ष्मदर्शक, त्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला टीव्ही. मग त्या जिवाचंच थेंबभर रक्त पडद्याखाली सोडायचं आणि टीव्हीवर बघत बसायचं, कुठल्या बारीक वाहिनीत रक्त वाहतं आणि कुठल्या वाहिनीत थांबतं. परदेशातून शिकून आलेल्या दोन डॉक्टरांनी हे करून पाहिलं. दोघांकडून पडदा फाटला. आठवी शिकलेल्या, पिंजरे धुण्यासाठी नोकरीला लागलेल्या येसाजी पवारांच्या हातून तो फाटला नाही. काम सुरू करण्याआधी अण्णा त्या उंदराला हात जोडत. मी हसलो होतो. "गणपतीला बसायला लागतं की," म्हणाले.

मी या सगळ्यात कसा आलो? संस्थेचा व्हिडिओ रेकॉर्डर बिघडला, तो खांद्यावर घेऊन अण्णा यशवंतपूरच्या दुकानात आले. मी तिथे रेकॉर्डर दुरुस्त करत होतो. मी तो त्यांच्यासमोर उघडला, अर्ध्या तासात चालू केला, आणि वर चार शब्द सुनावले, की यंत्र असं उन्हात ठेवतात का. अण्णा म्हणाले, "तोंड खराब आहे, हात बरा आहे. येतोस काय आमच्याकडे?" असा मी रोजंदारीवर लागलो. काम एवढंच, की टीव्हीसमोर तीन तास बसायचं, टेप भरायची, आणि पंपावरच्या सिरिंजमधून औषध किती गेलं ते दर पंधरा मिनिटांनी लिहायचं. कुठल्या सिरिंजमध्ये औषध आणि कुठल्या सिरिंजमध्ये नुसतं पाणीवजा मिश्रण, हे मला सांगत नसत. सिरिंजवर फक्त आकडा.

आणि अण्णांचा एक हुकूम. एक्स-रे फिल्मच्या डब्यात काळा कागद येतो. तो सिरिंजला आणि तिच्या नळीला गुंडाळायचा. सगळ्या सिरिंजना. रोज.

मी विचारलं, "कशाला?"

"गुंडाळायचा."

आता हेच अण्णा आयुधपूजेला सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावतात. पंपाच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. टीव्हीच्या मागे काळी बाहुली बांधलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे मी माझ्या डोक्याने ठरवलं, की हा काळा कागद दृष्ट लागू नये म्हणून आहे. आपल्या इथल्या कुणाला यात नवल वाटतं का? नव्या रिक्षाला काळी बाहुली, नव्या घराला कोहळा, तसा सिरिंजला काळा कागद. मी पुन्हा विचारलं नाही आणि अण्णांना पुन्हा सांगायची सवय नाही.

इथून पुढचं बोलायला जरा जड आहे. पाणी पितो.

आमच्या खोलीला दक्षिणेकडे खिडकी आहे. तिला जाड पडदा. पडद्यापलीकडे अंगण, आणि अंगणापलीकडे काचपट्ट्यांची खोली. प्रयोग संपला की मेंदूचे पातळ काप तिथे जातात आणि तिथल्या एक बाई ते काचेवर चढवून तपासतात. त्यांनाही कुठला काप औषधाचा आणि कुठला बिनऔषधाचा हे सांगत नसत. त्या बाई खिडकीजवळ बसायच्या. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना विचारलेलं नाही. मी त्यांच्याशी तोवर एकही शब्द बोललो नव्हतो. पण त्या डबा कधी उघडतात, कापाकडे बघताना कुठला डोळा मिटतात, आणि बुधवारी त्या फुलं माळत नाहीत, हे मला पाठ होतं. आपण हसा, माझी हरकत नाही. तेवीस वर्षांच्या माणसाला तीन तास अंधाऱ्या खोलीत उंदरासमोर बसवलं तर तो काय करेल?

मी पडदा सरकवला. पंपाचं टेबल खिडकीशी ओढलं, म्हणजे आकडे लिहिता लिहिता पलीकडे बघता येईल. काळा कागद दर पंधरा मिनिटांनी उचलून सिरिंजवरच्या रेघा वाचाव्या लागत. त्यात माझं बघणं मोडायचं. म्हणून मी कागदही काढून ठेवू लागलो. अण्णा त्या वेळी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या जिवाची खिडकी पाडत असत. त्यांची पावलं वाजली की मी कागद पुन्हा गुंडाळायचो, पडदा ओढायचो. पंच्याण्णव सालची शिवरात्र ते उगादी, म्हणजे पाडवा. एकोणीस प्रयोग.

आता ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे औषध उजेडात टिकत नाही. ऊन लागलं की ते आतल्या आत मरतं. दिसायला तसंच, पंप चालू, आकडे बरोबर, आणि उंदराच्या अंगात जातंय ते निकामी. बाटली तपकिरी काचेची असते ती त्याचसाठी. बाटलीवर हे छापलेलं आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मला इंग्रजी येतं. मी वाचलं नव्हतं.

उगादीनंतरच्या सोमवारी त्या बाई पहिल्यांदा अंगण ओलांडून आमच्या खोलीत आल्या, मागोमाग अण्णा. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आलं, महिनाभराचं फळ आलं. माझ्याकडे न बघता त्या अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, आधी माझ्याकडे दोन जातीचे काप यायचे. काहींत बारीक नळ्या मोकळ्या, काहींत गच्च. शिवरात्रीपासून सगळेच गच्च येतायत. औषध बदललं काय?"

अण्णा म्हणाले, "नाही बा."

मग बाईंची नजर पंपाकडे गेली. घाईत उठल्यामुळे माझा पडदा उघडाच राहिला होता. सिरिंजवर ऊन पडलं होतं, चकचकीत. रम्या म्हणाली, "हे उघडं का?"

नाव गेलं तोंडातून. सभागृहाने ऐकलं नाही असं धरावं, आणि त्यांनीही.

तर मी काय बोललो? काही नाही. ज्याने प्राध्यापकाला भर वर्गात उलट उत्तर दिलं, तो मी, गप्प राहिलो. तेवढ्यात बिडवई सर आत आले. सर, आपण काय म्हणालात ते आपल्याला आठवत असेल. आपण आधी अगदी शांत होता. "काय झालं जी?" विचारलंत. मग कागद कुणाचं काम, हे विचारलंत. आणि अण्णा म्हणाले, "माझं. माझ्याकडून राहिला."

सर रागावले. का रागावू नयेत? महिनाभराचं काम, एकोणीस जीव, आणि अहवालात जवळजवळ लिहून झालं होतं, की हे औषध बारीक वाहिन्यांना काही करत नाही. तसं छापून गेलं असतं आणि कुणा डॉक्टरने वाचून गोळी बंद केली असती तर? सरांनी त्याच दिवशी अण्णांना खिडकीच्या कामावरून काढलं आणि परत पिंजऱ्यांकडे पाठवलं. वहीत शेरा लिहिला, तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे एकोणीस प्रयोग रद्द. सर, त्या वेळी तुमच्यासमोर जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही वागलात. दोष तुमचा नाही. तो कागद माझ्या खिशात होता.

संध्याकाळी मी अण्णांना गाठलं. ओरडलो त्यांच्यावर. म्हटलं, मला नको तुमचे उपकार, मी आत्ता जाऊन सांगतो. अण्णा पिंजऱ्यात धान्य टाकत होते. म्हणाले, "सांग. तू रोजंदारीचा. उद्या बाहेर. परत दुकानात बसशील, गिऱ्हाइकाला शिव्या घालशील. मला कोण काढतंय? दोन वर्षं राहिलीत. उंदरं तीच, पिंजरे तेच."

"आणि खिडक्या कोण पाडणार?"

"तू."

पुढचं अंबूबाईंना चांगलं ठाऊक आहे. जे. पी. नगरात अण्णांच्या घरी मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. कोंबडीचं अंडं गिरमिटाने झिजवायचं, कवच जाईल पण आतला पापुद्रा फाटणार नाही असं. पहिल्या महिन्यात किती अंडी फुटली? अंबूबाई म्हणतात, मोजायचं सोडून दिलं. घरात रोज अंडं. शेजारी विचारायचे, जावई आलाय काय. एकदा मी चिडून गिरमिट फेकलं, ते भिंतीत रुतलं, त्याचा खड्डा अजून आहे. अण्णा उठले, गिरमिट काढलं, माझ्या हातात दिलं आणि अंबूबाईंना म्हणाले, "अजून एक अंडं आण." सहाव्या महिन्यात पापुद्रा टिकला.

ते एकोणीस प्रयोग आम्ही पुन्हा केले. खिडक्या माझ्या हातच्या, कागद काळा, पडदा बंद. तेव्हा दिसलं ते सांगतो. मोठ्या वाहिन्या आवळलेल्या होत्या, औषधानेही फारशा सुटल्या नाहीत. पण ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात शेवटच्या घरापर्यंत रक्त पोचत राहिलं. बिनऔषधाच्या जिवांत बारीक वाहिन्या एकेक करून थांबत गेल्या, गल्लीतले दिवे जावेत तशा. आणि आणखी एक दिसलं. औषधाने रक्तदाब फार खाली गेला, तर शेवटचं घर पुन्हा कोरडंच राहतं. नळ सैल केले आणि टाकीच रिकामी, तर काय उपयोग? म्हणून औषध देताना दाबावर नजर हवी. हे उंदरातलं आहे, माणसात जसंच्या तसं होतं असं कुणी म्हणत नाही, सरही म्हणत नाहीत. पण प्रश्नाला एक खिडकी पडली, हे खरं. ती पाडायला शिकवलं कुणी?

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्षाबाई घड्याळ बघतायत ते मला दिसतंय.

गेल्या आठवड्यात सरांच्या टेबलावर त्या लेखाची छापून आलेली मुद्रितं मी पाहिली. तपासून सोमवारी परत पाठवायची आहेत. शेवटच्या पानावर आभार आहेत. त्यात लिहिलं आहे, की कवटीच्या खिडक्यांच्या अवघड कामासाठी श्री. नंदकुमार यांचे आभार. येसाजी पवार हे नाव लेखात कुठेच नाही. आहे ते एवढंच, की तंत्रज्ञाच्या चुकीमुळे एकोणीस प्रयोग वगळले. म्हणजे माझं नाव आहे आणि अण्णांची चूक आहे. अण्णांचं काम माझ्या नावावर आणि माझी चूक अण्णांच्या नावावर, अशी ही छपाई.

मी ते पान घेऊन अंगण ओलांडलं. दोन वर्षं त्या बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या. मी पान दाखवलं. म्हटलं, "मी काय करू?" त्यांनी वाचलं, माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं तू बोलशील. अजून वाटतंय. फार दिवस वाटणार नाही." एवढंच. मी त्यांच्यावर जीव टाकतो हे आता लपवण्यात अर्थ नाही, अर्ध्या सभागृहाला मघाशीच कळलं. पण मी हे त्यांच्यासाठी बोलतोय असं त्यांनी समजू नये. त्या आज आल्या आहेत की नाहीत, हे मी अजून वळून पाहिलेलं नाही. माझी बघण्याची खोड महागात पडलेली आहे.

तेव्हा डॉ. बिडवई सर, या सभेसमोर आपल्याला तीन गोष्टी सांगतो. कागद मी काढला. पडदा मी सरकवला. आणि अण्णा खोटं बोलले तेव्हा मी तिथे उभा होतो.

आपण मला काढून टाका. मी हात जोडणार नाही, भांडणारही नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे माझ्यासाठी केवढं आहे. पण सोमवारी मुद्रितं जाण्याआधी शेवटचं पान बदला. माझं नाव काढा. तिथे येसाजी पवार लिहा. आणि ते एकोणीस प्रयोग का वगळले, तेही खरं लिहा, की औषधावर ऊन पडलं होतं. हे छापलंच पाहिजे, कारण दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणा खिडकीशी, कुणीतरी असाच बसलेला असेल. सोमवारी सकाळी नऊला मी आपल्या दाराशी उभा आहे. आपण नाही म्हणालात तर मंगळवारीही उभा आहे.

अण्णा मान हलवतायत. अण्णा, तुम्ही 'ते बोलू नको' म्हणालात. दोन वर्षं तुमचं ऐकलं. पुरे झालं. निरोपाला शाल आणि नारळ मंडळाने दिला, मी काय देणार? हा तो कागद. अजून चांगला आहे, एकही भोक नाही, मी उजेडात धरून पाहिलं. घडी घालून माझ्या ट्रंकेत होता. तो ज्याचा आहे त्याच्याकडे जावा. अंबूबाई, याने कुणाला दृष्ट लागायची थांबत नाही, पण राहू द्या घरात.

सरांनी खिशातून पेन काढलं आहे. काय लिहितायत ते इथून दिसत नाही, आणि मी वाकून बघणार नाही.

अध्यक्षाबाई, आपण घंटा न वाजवता मला पुरं बोलू दिलंत, आपले आभार. ज्यांनी सभागृह दिलं, खुर्च्या मांडल्या, आतमध्ये आत्ता चहा उकळत ठेवला आहे, त्यांचे आभार. अंबूबाई, अंड्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं ते घेतलं गेलं असेल, तर ते सर्वांनी पोटात घालावं. त्या एकोणीस प्रयोगांचं मात्र पोटात घालू नका. ते छापा.

नमस्कार.